जंत, जंतू आणि तिसरंच काहीतरी

त्या आजारात मला एकामागून एक चार औषधं मिळाली आणि चौथं लागू पडलं. आधीची तीन काही वाईट नव्हती. ती माझ्या आजाराची नव्हती, एवढंच. हे कळेपर्यंत दोन महिने गेले आणि मी मरता मरता राहिले. आता चालती-फिरती झाले आहे, तर ज्या बायका पोटाचं दुखणं पदराखाली झाकून कामाला जातात त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

मी चिंचवड गावठाणात दिलेली, सातवी फायनल पास. पवनेच्या काठाला आमचं थोडं रान आहे, ते माझे यजमान बघतात. घरात सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आणि तीन वर्षांची मुलगी मंदा. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना निघाला तेव्हा बाटल्यांना लेबलं लावायला वाचता येणाऱ्या बायका हव्या होत्या. आमच्या भावकीतून मी एकटी गेले. आत्याबाईंना ते पटलं नव्हतं, पण मंदाला सांभाळायला त्या तयार झाल्या, आणि स्वयंपाकही त्यांनी स्वतःकडेच ठेवला.

गणपती उठले आणि माझी भूक गेली. मग उजव्या कुशीत दुखायला लागलं. कधी कधी उजवा खांदाही ठणकायचा. खांद्याचा आणि पोटाचा काय संबंध, म्हणून ते मी कोणाला सांगितलंच नाही.

*

चिंचवडचे डॉक्टर वयस्कर आणि मायाळू. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. “जंत असतील,” म्हणाले. सँटोनिनची पूड दिली आणि वरून एरंडेल.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले, तर लेबलांचा गठ्ठा पिवळा. मी सुपरवायझरना हाक मारली. “आज लेबलं पिवळी आलीत. ही लावायची का?”

त्यांनी एक लेबल हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, मग माझ्याकडे पाहिलं. “पांढरीच आहेत बाई. तुम्हाला बरं वाटत नाही का?”

मी मान वर करून पाहिलं. भिंती पिवळ्या, सुपरवायझरचा सदरा पिवळा, माझे स्वतःचे हातसुद्धा हळद लागल्यासारखे. घाबरायला हवं होतं, पण मला गंमत वाटत राहिली. पोटातल्या किड्यासाठी घेतलेलं औषध माझ्या डोळ्यात काय करत होतं? संध्याकाळपर्यंत रंग उतरला. जंत मात्र एकही पडला नाही.

पुढच्या आठवड्यात हुडहुडी भरून ताप आला. घाम सुटून उतरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. आमच्या बाजूला असा ताप म्हणजे हिवताप, त्यात विचारायचं काही नसे. क्विनाईनचं कडू मिक्श्चर सुरू झालं. कानात दिवसभर रातकिडे ओरडायला लागले. मंदा काही बोलली तर तिच्या ओठांकडे बघून ओळखावं लागायचं. ताप मात्र आपल्या वेळेला येत राहिला.

तेव्हा यजमान म्हणाले, “आपण पेनिसिलिन का घेत नाही? अख्खा मुलूख त्याच्यानं बरा होतोय, आणि तू तर रोज ते हाताळतेस.”

डॉक्टरांनाही तो विचार बरा वाटला. इंजेक्शनं सुरू झाली. बाटलीवरचं लेबल पाहून मला धीर आला, जणू नात्यातलं माणूस भेटायला आलं आहे. आठ दिवस इंजेक्शनं झाली. तापानं त्यांची दखलही घेतली नाही.

आत्याबाई उंबऱ्यात बसून म्हणाल्या, “म्या पयल्यापास्नं सांगतीय. त्या बाटल्यांचा वास हिच्या अंगात भिनलाय. काम सोड म्हनावं, आपसूक बरी व्हईल.”

“आई, वासानं काय ताप येतो का?” यजमान म्हणाले.

“मग कशानं येतो, ते तू सांग.”

घरात बोलणं कमी झालं. मंदा माझ्याजवळ यायला लागली की आत्याबाई तिला उचलून बाहेर न्यायच्या. त्यांची भीती मला कळत होती, तरी राग यायचाच. एक दिवस मी मोरीपर्यंत चालत गेले आणि तिथेच बसले, उठता येईना. यजमानांनी मला बैलगाडीतून स्टेशनवर नेलं आणि तिथून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात.

*

तिथे मला पाहिलं ते एका तरुण डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी माझं पोट दाबलंच नाही. उजव्या बाजूच्या शेवटच्या दोन बरगड्यांच्या मधे एकच बोट ठेवून दाबलं. मी किंचाळले.

“खांदा दुखतो का?” त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. दोन महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी यजमानांना बाहेर थांबायला सांगितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. “गेल्या सहा महिन्यांत आव पडली होती?”

खरं सांगते, हाच प्रश्न चिंचवडच्या डॉक्टरांनीही पहिल्या दिवशी विचारला होता. मी नाही म्हणाले होते. यजमान शेजारी उभे होते, दाराशी दोन ओळखीचे लोक होते, आणि परसाकडे रक्त पडत होतं हे तोंडातून कसं काढायचं? उन्हाळ्यात चार दिवस पडलं, ओवा खाल्ला, थांबलं. थांबलं म्हणजे संपलं, असं मी धरून चालले. माझे दोन महिने त्या एका ‘नाही’पायी गेले. डॉक्टरांचा त्यात दोष नव्हता. ज्यांना हे वाचून काही घ्यायचं असेल त्यांनी बाकीचं विसरलं तरी चालेल, एवढं घ्या.

“पडली होती,” मी म्हणाले.

“मग तुमच्या पोटात जंत नाहीत. हिवतापही नसावा. आवेचा प्राणी आतड्यातून यकृतात गेलाय आणि तिथे त्याने गळू केलंय.”

प्राणी हा शब्द मला विचित्र वाटला. प्राणी म्हणजे कुत्रं, मांजर. “प्राणी की जंतू?” मी विचारलं.

बाई हसल्या नाहीत. “प्राणी. जंतू असता तर तुमचं पेनिसिलिन बहुधा चाललं असतं.”

दुसऱ्या दिवशी बरगड्यांमधून लांब सुई घालून त्यांनी ते गळू उपसलं. मला वाटलं होतं पिवळा पू निघेल. निघालं ते काकवीच्या रंगाचं, दाट. बाईंनी काचपात्र मुद्दाम माझ्यासमोर धरलं. “हे तुमचंच यकृत आहे, विरघळलेलं. पण घाबरू नका, यकृत पुन्हा भरून येतं.” त्या दुपारी कितीतरी दिवसांनी मी पाठीवर सरळ निजू शकले. त्या सुखाला काय म्हणावं मला ठाऊक नाही. मला फक्त झोप लागली.

*

चौथं औषध म्हणजे एमेटिनची इंजेक्शनं. दहा दिवस रोज एक. इंजेक्शन टोचायचं त्या जागी गाठ येई आणि तास-दोन तास ठणके. पण खरा त्रास दुसराच होता. उठायचं नाही, बसायचं नाही, पाणीसुद्धा निजूनच चमच्याने. नर्सबाई दर थोड्या वेळाने येऊन मनगट धरायच्या.

“माझी नाडी इतकी का मोजता?” मी विचारलं.

“ह्या औषधानं हृदय थकतं,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

सकाळभर मी छतावरच्या पंख्याकडे बघत माझे ठोके मोजत राहिले. मोजायला लागलं की ते चुकतातच. मंदाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला तर फक्त तिच्या वेण्या आठवल्या, आणि तेव्हा मला जी भीती वाटली ती पुढे पुन्हा कधी वाटली नाही. डॉक्टरीणबाई फेरीला आल्या तेव्हा मी विचारलं, “ज्या औषधानं तो मरतो, त्यानं मी मरणार नाही कशावरून?”

“जगण्या-मरण्यात थोडंच अंतर असतं ह्या औषधात,” त्या म्हणाल्या. “तो कमी औषधात मरतो, तुम्ही जास्त औषधात. त्या दोहोंच्या मधे आपल्याला राहायचंय. म्हणून निजून राहा आणि नाडी मोजू द्या.”

मला खोटा धीर दिला असता तर त्याने काम झालं नसतं. ह्या उत्तरानं झालं. त्या दिवसापासून औषधांबद्दल विचारत राहायचं मी ठरवलं. निजून दुसरं करणार तरी काय?

*

शेजारच्या खाटेवर महाळुंग्याच्या ठकूबाई होत्या. त्यांच्या घोट्यातून नारू निघाला होता. नारू म्हणजे सुतळीसारखा लांब किडा, तो कातडी फोडून बाहेर येतो. गावाकडे तो काडीवर गुंडाळून रोज थोडा थोडा ओढतात. ठकूबाईंचा नारू ओढताना तुटला आणि पाय सुजून भोपळा झाला.

त्यांना इंजेक्शन द्यायला नर्सबाई आल्या तेव्हा मी बाटलीचं लेबल ओळखलं. आमच्याच कारखान्याचं होतं. “मला चाललं नाही ते ह्यांना कसं चालणार? ह्यांचाही किडाच आहे ना?” मी डॉक्टरीणबाईंना विचारलं.

बाई माझ्या खाटेच्या कडेला बसल्या. खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या ताप लिहायच्या कागदामागे तीन खाने आखले.

“तुम्ही लेबलं लावता ना, मग तुम्हाला हे कळेल,” म्हणाल्या. “आपल्या अंगात किंवा अंगावर राहून आपल्याच जिवावर जगणारे जे असतात, त्यांची आधी जात बघायची. पहिल्या खान्यात एका पेशीचे प्राणी. हिवतापाचा हा, तुमचा आवेचा हा. डोळ्यांना दिसत नाहीत. दुसऱ्या खान्यात जंत. काही गोल, काही चपटे फितीसारखे. ठकूबाईंचा नारू यांच्यातलाच. तिसऱ्या खान्यात अंगावर राहणारे, उवा, खरजेचा किडा. औषधंही ह्याच तीन खान्यांत पडतात. एका खान्यातलं औषध दुसऱ्या खान्यात सहसा चालत नाही.”

“आणि जंतू?”

“ते ह्या कागदावरच नाहीत. त्यांचा कागद वेगळा. ठकूबाईंच्या पायात नारू तुटल्यावर जंतू शिरले, म्हणून पेनिसिलिन. ते सुजेसाठी आहे, नारूसाठी नाही.”

जंत आणि जंतू. लिहिताना एका उकाराचा फरक. सातवीच्या पुस्तकात तो मी शुद्धलेखन म्हणून पाठ केला होता.

“पण आवेचा आणि हिवतापाचा एकाच खान्यात आहेत,” मी म्हणाले. “मग मला क्विनाईन का चाललं नाही?”

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं त्या खूश झाल्या. “कारण खाना पुरत नाही. दुसरं विचारायचं की तो राहतो कुठे. हिवतापाचा रक्तात राहतो. तुमचा आतड्यात राहतो आणि मांसात शिरतो. औषध त्याच्या घरापर्यंत पोचलं पाहिजे, आणि त्याच्यावर चाललंही पाहिजे. आणि तिसरं, औषध करतं काय? सँटोनिन जंताला मारत नाही. त्याला गुंगी आणतं, त्याची पकड सुटते, मग एरंडेल त्याला वाहून नेतं.”

म्हणजे एरंडेल माझ्यावर उगीच लादलेली शिक्षा नव्हती, त्या औषधाचा तो दुसरा अर्धा भाग होता. हे कळल्यावर मला चिंचवडच्या डॉक्टरांबद्दल एकदम बरं वाटलं.

ठकूबाई इतका वेळ ऐकत होत्या. “बाई, मग माज्या नारूचं औषिद कंच्या खान्यात हाय?”

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “तुमच्या नारूला औषध नाही, ठकूबाई. काडीच. तुमची विहीर पायऱ्यांची आहे का? लोक पाण्यात उतरतात?”

“व्हय. समदीच उतरत्यात.”

“पाणी दुहेरी फडक्यानं गाळून प्या. नारूवर तेवढंच चालतं.”

“फडकं हेच औषिद म्हना की,” ठकूबाई म्हणाल्या. मी कागदावर दुसऱ्या खान्यात नारू लिहिलं आणि पुढे ‘फडकं’ लिहिलं.

*

इंजेक्शनं संपली, ताप गेला. मी खाटेवर बसून कण्या खायला लागले. एक दिवस बाई मला खुर्चीतून खालच्या खोलीत घेऊन गेल्या आणि बारीक गोष्टी मोठ्या दाखवणाऱ्या दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. दुसऱ्या कोणाच्या तरी शौचाचा नमुना होता. आधी काहीच दिसेना. मग एक थेंब हलला. त्याने एका बाजूने बोटासारखं काही बाहेर काढलं आणि त्यात स्वतः ओतला गेला. पुन्हा दुसरीकडे बोट. सावकाश, कुठलीही घाई नसल्यासारखा. त्याच्या पोटात तांबड्या रक्ताचे कण होते. ज्याने मला मोरीतून उठू दिलं नाही तो हा. मला त्याचा राग यायला हवा होता. मी विचारलं, “अजून थोडा वेळ बघू का?”

घरी जायच्या आठवडाभर आधी नव्या गोळ्या सुरू झाल्या. त्या वीस दिवस घ्यायच्या होत्या.

“मी बरी झाले ना?” मी विचारलं.

“यकृतातला गेला. एमेटिन मांसातल्याला मारतं. आतड्यात त्याची कवच घातलेली पिल्लं राहतात, त्यांना ते पुरत नाही. त्यांच्यासाठी ह्या गोळ्या, आतड्यातच राहणाऱ्या.” मग म्हणाल्या, “आणि घरातल्या सगळ्यांच्या शौचाचे नमुने डब्यांत भरून आणा. कवच घातलेला प्राणी हातातून, पाण्यातून, भाजीतून जातो. ज्याच्या पोटात तो असतो त्याला काही होतच असं नाही.”

हे आत्याबाईंना सांगायचं म्हणजे काय, हे बाईंना ठाऊक नव्हतं. यजमानांनी कसंबसं सांगितलं. आत्याबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. “माजं प्वाट जल्मात कदी दुखलं न्हाई. ह्या वयात डबी भरून पुण्याला धाडू?” शेवटी मंदाची डबी जाते आहे म्हणून त्यांनी आपलीही दिली.

यजमानांचा नमुना स्वच्छ निघाला. मंदाच्या पोटात साधे गोल जंत होते, तिला पातळ गोड औषध मिळालं आणि ते तिने चाटून संपवलं. आत्याबाईंच्या नमुन्यात कवच घातलेले प्राणी होते. पुष्कळ होते.

निकाल हातात घेऊन मी बसले. दोन महिने ज्यांनी मला कण्या भरवल्या, माझ्या मुलीला सांभाळलं, त्यांच्या हातांबद्दल हा कागद होता. “माझ्यात त्यांच्याकडून आला का?” मी बाईंना विचारलं.

“सांगता येत नाही. त्यांच्याकडून तुमच्यात, तुमच्याकडून त्यांच्यात, किंवा दोघींना एकाच भाजीतून. दुर्बिणीत ते दिसत नाही. पण गोळ्या त्यांना घ्यायलाच हव्यात. घरात लहान मूल आहे.”

*

घरी आल्यावर मी भित्रेपणा केला. आत्याबाईंना म्हणाले, “डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही ताकदीच्या गोळ्या दिल्यात.” सकाळ-संध्याकाळ आम्ही चुलीपुढे बसून बरोबरीने गोळ्या घेत असू. सात-आठ दिवस असं चाललं. मग एका सकाळी त्यांनी गोळी तळहातावर धरली आणि तोंडात टाकली नाही.

“मंदीला का न्हाई ताकदीच्या? पोरगी तर काडी हाय.”

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

“डबीत काय निगालं माज्या?”

मग मी सगळं सांगितलं. तो ताप लिहायचा कागद आणला, खाने दाखवले, थेंब कसा चालतो ते बोटाने दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वाचता येत नसलं तरी कागद हातात घेतला.

“माज्या हातनं गेलं व्हय तुज्या पोटात?”

“ते कळत नाही, आत्याबाई. माझ्या हातून तुमच्यातही गेलं असेल. बाई म्हणाल्या, ते कोणालाच सांगता येत नाही.”

“सैपाक तर मीच करते.”

त्यांनी गोळी घेतली, वर पाणी प्यायल्या आणि उठून रानात गेल्या. दिवसभर आल्या नाहीत. मला वाटलं, आता ह्या माझ्याशी कधी पूर्वीसारख्या बोलणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापायच्या आधी त्यांनी मला हाक मारली. “हिकडं ये. हात कसं धुयाचं ते दाव.” मी दाखवलं. साबण लावून, नखांत काडी फिरवून, मनगटापर्यंत. त्यांनी तसं केलं, पुन्हा एकदा केलं, आणि परातीपुढे बसल्या.

महिन्याभराने मी कामावर जायला लागले. निघताना त्यांनी काम सोड म्हटलं नाही, डबा हातात दिला. एका सुट्टीच्या दिवशी मी मंदाच्या सर्दीचं औषध आणायला चिंचवडच्या डॉक्टरांकडे गेले, तर ओसरीवर आत्याबाई बसलेल्या. बरोबर आमच्या आळीतल्या दोन म्हाताऱ्या, पदराखाली डब्या लपवून, माना खाली घालून. एक पुटपुटत होती, “माजं काय दुखत न्हाई गं. उगीच आनलीस.”

“माजंबी दुखत न्हवतं,” आत्याबाई सगळ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “माज्या पोटात हुतं, आन् सून मरता मरता वाचली. डबी वर काड, डागतर बगतील.”

मी तिथे न थांबता मागे वळले. औषध दुसऱ्या दिवशी आणलं.